पार्सलचे भाडे वाटून घ्या, डबा फोडू नका

प्रति,
अमेरिकेत राहणाऱ्या, नेमबाजीची आवड असलेल्या आणि आपली काडतुसे घरी स्वतः भरणाऱ्या सर्व मराठी बंधुभगिनींस,

सप्रेम नमस्कार.

रेंजवर, शनिवारच्या जेवणावळीत किंवा फोनवर आपल्यापैकी कोणाशीही रिलोडिंगचा, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसे बनवण्याचा, विषय निघाला की एकच तक्रार कानी येते. सामान थोडेसेच हवे असते, पण थोडे सामान परवडत नाही. एक पौंड पावडर मागवली तर पावडरीच्या किमतीइतकाच खर्च ती घरी पोहोचवण्यावर होतो, आणि प्राइमरचेही तसेच. ही तक्रार रास्त आहे. मात्र तिच्यावर आपल्यातल्या काही मंडळींनी शोधलेला उपाय मला झोप लागू देत नाही, आणि म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आठ पौंडांचा एक मोठा डबा चौघांनी मिळून घ्यायचा आणि घरी आणून लोणच्याच्या बरण्यांत किंवा झिपच्या पिशव्यांत वाटून घ्यायचा, असा तो उपाय आहे. कृपा करून असे करू नका. थोड्या प्रमाणात खरेदी करण्याचे सुरक्षित आणि कायदेशीर मार्ग उपलब्ध आहेत आणि ते स्वस्तही पडतात.

माझ्याविषयी दोन वाक्ये लिहितो. माझे बालपण पुण्याजवळच्या खडकीत गेले. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि माझे वडील तेथे नोकरीला होते. कामावर जाताना फाटकापाशी काडेपेटी काढून ठेवावी लागे, म्हणून ते घरूनच काडेपेटी न घेता निघत. सुटीच्या दिवशीसुद्धा त्यांच्या खिशात ती कधी दिसली नाही. मी ओहायोत आलो, नागरिक झालो, आणि येथल्याच कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा पाहून या छंदात पडलो. गेली अनेक वर्षे तळघरातल्या एका टेबलावर एका साध्या प्रेसने, म्हणजे काडतुसे भरण्याच्या हातयंत्राने, मी माझी काडतुसे भरतो. माझा अनुभव फार मोठा आहे असा दावा नाही, पण जो आहे तो आपल्या भाषेत कोणीतरी मांडावा असे मला मनापासून वाटते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा आणि आघाताने पेट घेणारा प्राइमर, त्याने पेटणारी आतली पावडर आणि पुढची गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, पावडर जळते, प्राइमर संपतो आणि पुंगळी तेवढी उरते. ती स्वच्छ करून, डाय म्हणजे साच्यातून मूळ आकारात आणून पुन्हा वापरता येते, आणि पितळ चांगले असेल तर पुष्कळ वेळा. म्हणजे सतत विकत घ्यावे लागते ते प्राइमर, पावडर आणि गोळ्या. येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर आपल्यातले कितीतरी जण .२२ रायफल घेऊन रेंजवर येऊ लागले. याचा मला अतिशय आनंद आहे. परंतु .२२ चे काडतूस घरी भरण्यासारखे नसते, कारण त्यातले पेटणारे मिश्रण पुंगळीच्या काठाच्या पोकळीत असते आणि बंदुकीच्या आतल्या पिनेच्या आघाताने तो काठच चेपतो. त्यामुळे .२२ साठी म्हणून प्रेस विकत घेऊ नये. हा छंद ९ मिमी,.२२३, .३०८, .३०-०६ अशा मध्यभागी प्राइमर असलेल्या काडतुसांचा आहे.

आता थोडे सामान महाग का पडते ते पाहू. अमेरिकेची सरकारी टपालसेवा पावडर आणि प्राइमर स्वीकारतच नाही. ते ठरावीक खासगी कंपन्यांमार्फत, धोकादायक मालाच्या नियमांखाली, जमिनीवरूनच यावे लागतात, आणि त्यासाठी पार्सलमागे वेगळे शुल्क पडते. त्यालाच आपण सगळे हॅझमॅट शुल्क म्हणतो. विक्रेत्यागणिक ते साधारण २० ते ५० डॉलरच्या दरम्यान असते. हे शुल्क पार्सलवर असते, आतल्या वजनावर नाही. म्हणून एक पौंड मागवा की बरेच पौंड मागवा, ते तेवढेच राहते. येथेच मोठ्या खरेदीचा मोह जन्माला येतो. अमुक रकमेच्या वर खरेदी केल्यास हॅझमॅट माफ, अशा सवलती विक्रेते अधूनमधून जाहीर करतात, आणि ज्याला महिन्याला शंभर बार काढायचे आहेत तो माणूस चार वर्षांचे सामान घेऊन बसतो.

एक साधा हिशेब मांडतो. पावडरीचा एक पौंडाचा डबा ४५ डॉलरला, हजार प्राइमर ८० डॉलरला आणि हॅझमॅट ४० डॉलर असे धरून चालू. एकट्याने एकच पौंड मागवला तर ४५ चे ८५ होतात. चौघांनी एकाच पत्त्यावर, एकाच ऑर्डरमध्ये आपापला एकेक डबा मागवला तर प्रत्येकाला तोच डबा ५५ ला पडतो. चौघांनी प्रत्येकी दोन पौंड आणि हजार प्राइमर घेतले तर प्रत्येकाचे १७० अधिक १० असे १८० होतात, आणि एकट्याने तेच घेतले असते तर २१०. यात कोणीही डब्याचे झाकण उघडलेले नाही आणि कोणाच्याही घरात गरजेपेक्षा जास्त माल आलेला नाही. पावडर आणि प्राइमर एकाच शुल्कात पाठवण्याची पद्धत काही विक्रेत्यांकडे आहे, काहींकडे नाही. ते ऑर्डर देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

एक पौंड म्हणजे किती, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. पौंडाचे ग्रेन ७०००. पिस्तुलाच्या ९ मिमी काडतुसाला पाचएक ग्रेन लागतात असे ढोबळ मानाने धरले तर एका डब्यात चौदाशे काडतुसे होतात. .३०८ रायफलला चाळिसाच्या वर ग्रेन लागतात, तेव्हा त्याच डब्यात दीडशे-एकशेसाठच काडतुसे होतात. हे आकडे केवळ खपाचा अंदाज यावा म्हणून दिले आहेत. भरताना पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधलाच (माहितीपुस्तिकेतलाच) आकडा पाहावा, माझा नाही आणि कोणा मित्राचाही नाही. तरीही या अंदाजावरून एवढे स्पष्ट होते की, महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्या पिस्तूलवाल्याला एक पौंड वर्षभर पुरू शकतो. त्याला आठ पौंड कशाला हवेत?

मला हे पत्र लिहायला लावणारा प्रसंग आता सांगतो. गेल्या हिवाळ्यात एका परिचितांच्या घरी जेवायला गेलो असता त्यांनी मोठ्या कौतुकाने आपले टेबल दाखवले. फळीवर काचेच्या तीन बरण्या होत्या, त्यांत राखाडी दाणे होते, आणि एकीवर चिकटपट्टी लावून पेनाने एक नाव लिहिले होते. उरलेल्या दोहोंवर काहीच नव्हते. मित्राकडून वाटून आणलेली पावडर होती ती. कोणत्या बरणीत काय आहे असे विचारल्यावर त्यांनी क्षणभर विचार करून उत्तर दिले. तो क्षणभराचा विचार मला पुरेसा होता. दोन पावडरी डोळ्यांना अगदी सारख्या दिसू शकतात आणि तरी एक दुसरीपेक्षा कितीतरी वेगाने जळते. रायफलीच्या मंद पावडरीच्या जागी पिस्तुलाची जलद पावडर त्याच वजनाने भरली गेली तर बंदूक फुटते, आणि ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. त्या गृहस्थांचे मन दुखावेल याची पर्वा न करता मी त्यांना त्या बरण्या वापरू नका असे सांगितले, आणि त्यांनी ऐकले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ओळख पटणे हा एक भाग झाला. दुसरा भाग त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. पावडर ज्या प्लास्टिकच्या किंवा जाड कागदी डब्यात येते, तो डबा मुद्दाम कमकुवत बनवलेला असतो. मोकळ्यावर धूरहीन पावडर भडभड जळते. ती कोंडली गेली तर दाब वाढत जातो आणि जळण्याचे रूपांतर स्फोटात होते. घरात दुर्दैवाने आग लागली तर मूळ डबा थोड्याशा दाबाने उकलतो आणि आतली पावडर जळून जाते. तीच पावडर जाड काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत किंवा लष्करी लोखंडी पेटीत कोंडलेली असेल तर काय होईल, हे सांगायला नको. पावडरीची वाहतूक करण्याचे नियमही याच तत्त्वावर उभे आहेत. आतला एक डबा आठ पौंडांपेक्षा मोठा चालत नाही, आणि म्हणूनच दुकानात मिळणारा सर्वांत मोठा डबा आठ पौंडांचा असतो. मूळ डब्यावर पावडरीचे नाव, लॉटचा (म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचा) क्रमांक आणि इशारे छापलेले असतात. तो डबा म्हणजे त्या पावडरीची ओळख आणि तिचा सुरक्षारक्षक, दोन्ही आहे. आपल्या घरात तूप, गूळ, मसाले वाटून घेण्याची रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण ती रीत येथे आणू नये.

प्राइमरचे तर याहून नाजूक आहे. शंभर प्राइमर एका तबकात, प्रत्येक आपल्या खणात किंवा खाचेत बसवलेला, आणि अशी दहा तबके मिळून हजारांचे खोके, ज्याला येथे वीट म्हणतात. ही मांडणी शोभेसाठी नसते. एक प्राइमर चुकून उडाला तर शेजारच्यांनी त्याच्यासोबत उडू नये, यासाठी त्यांच्यात अंतर ठेवलेले असते. सुटे प्राइमर बाटलीत ओतून ठेवले की ते अंतर नाहीसे होते, आणि एका धक्क्याने सगळे एकदम उडू शकतात. म्हणून प्राइमर वाटून घ्यायचेच असतील तर शंभराचे न उघडलेले तबक हे सर्वांत लहान माप समजावे. त्यापेक्षा लहान वाटा कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये.

याउलट गोळ्या आणि रिकाम्या पुंगळ्या यांच्या बाबतीत वाटून घेण्याला काहीच हरकत नाही. त्या निव्वळ धातू आहेत, त्यांना हॅझमॅट लागत नाही, आणि त्या टपालानेही येतात. टपालसेवेच्या ठरावीक दराच्या खोक्यात ७० पौंडांपर्यंत वजन चालते, म्हणून शिशाच्या गोळ्या विकणारे छोटे व्यावसायिक त्याचा पुरेपूर उपयोग करतात. पाचशे गोळ्यांचे खोके पाच जणांनी घ्यावे, शंभर-शंभर वाटून घ्यावे, आणि प्रत्येक पिशवीत कंपनीचे नाव, गोळीचे वजन आणि व्यास लिहिलेली चिठ्ठी घालावी. आपल्या बंदुकीला कोणती गोळी मानवते हे शोधण्यासाठी डझनभर गोळ्यांची नमुना पाकिटे विकणारेही काही जण आहेत. थोड्या-थोड्या खरेदीची खरी चैन करायची असेल तर ती येथे करावी.

आमचा चौघांचा गट काय करतो ते सांगतो, कारण नुसते नको-नको म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. आम्ही चौघेही एकाच शहरात, एकाच राज्यात राहतो. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पार्सलच्या गाडीत माल फार तापणार नाही अशा दिवसांत, आम्ही यादी करतो. प्रत्येकाने आपल्याला हवी असलेली पावडर नावानिशी, एक पौंडाच्या डब्यांतच सांगायची. पैसे आधी जमा करायचे. मूळ पावती सर्वांना दाखवायची आणि ज्याच्या पत्त्यावर माल येतो त्याने एक पैसाही वर घ्यायचा नाही, कारण नफ्यासाठी खरेदी-विक्री सुरू झाली की प्रकरण छंदाच्या बाहेर जाते. माल आला की त्याच संध्याकाळी प्रत्येकाने येऊन आपले सीलबंद डबे घेऊन जायचे, आणि जाताना लॉट क्रमांक आपल्या वहीत लिहायचा. या पद्धतीत घरात उगाच साठा होत नाही, आणि चहाही एकत्र होतो.

गावातल्या दुकानदाराला मात्र विसरू नका. अनेक लहान दुकानांत एक पौंडाचे डबे आणि शंभराची प्राइमरची तबके सुटी मिळतात. किंमत थोडी जास्त दिसते. परंतु त्यात हॅझमॅट नसते, हे लक्षात घेतले तर एकदोन डब्यांसाठी तेच स्वस्त पडते. आणि काउंटरपलीकडची व्यक्ती पुष्कळदा तीस-चाळीस वर्षे काडतुसे भरत आलेली असते. तिला विचारलेला एक प्रश्न कधी कधी त्या फरकाच्या किमतीहून मोलाचा ठरतो.

आता जो मुद्दा आपल्या समाजाला सर्वांत जास्त लागू आहे, तो नीट वाचावा अशी हात जोडून विनंती आहे. आपल्यातले पुष्कळ जण एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ अशा व्हिसावर येथे आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे यासारखे मोजके अपवाद त्यात आहेत. आणि त्या कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या केवळ तयार काडतुसापुरती मर्यादित नाही. पुंगळी, प्राइमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही त्यात येतात. म्हणजे ज्याच्याकडे घरी एकही बंदूक नाही अशा एच-१बीवाल्या मित्राने गटखरेदीतला एक डबा आपल्या कपाटात ठेवला, तरी तो गुन्हा ठरू शकतो, आणि त्याची स्थिती ठाऊक असून तो डबा त्याला देणाराही अडकतो. या एका गोष्टीवरून वर्षानुवर्षे रांगेत असलेले ग्रीन कार्ड हातचे जाऊ शकते. ज्याच्या हाती ग्रीन कार्ड आहे त्याला या कलमाची मनाई लागू नाही. अर्ज प्रलंबित असेल किंवा शिकार परवान्याच्या अपवादावर विसंबून राहायचे असेल तर मित्राचे मत न घेता वकिलाचे घ्यावे. आमच्या गटात नवा माणूस घेताना आम्ही हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो, आणि विचारताना संकोच करत नाही. तो अपमान समजू नये. त्यामागे आपुलकी आहे.

ज्यांना मोठी खरेदी सहज परवडते त्यांच्यासाठीही मला काही सांगायचे आहे. २०२० नंतरची टंचाई आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. आधी हजार प्राइमर तीस-पस्तीस डॉलरला मिळत, ते त्या काळात खासगी विक्रीत शंभराच्या वर गेले. येथील बाजारातले प्राइमर प्रामुख्याने चार नावांचे: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. त्यातल्या रेमिंग्टनने त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि आज पहिली तीन नावे एकाच मालकाकडे आहेत. युक्रेनच्या युद्धानंतर पावडरीला लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची लष्करी मागणी वाढली आणि पावडरही महागली. या भीतीपोटी २०२१मध्ये मी स्वतः, एकदाही वापरून न पाहिलेल्या पावडरीचा आठ पौंडांचा डबा घेतला, कारण त्या दिवशी तोच एक मिळत होता. माझ्या रायफलीला ती मानवली नाही. अचूकता मिळेना, नळी फार काळी होई, आणि तो डबा अजून तीन चतुर्थांश भरलेला आहे. तोच पैसा मी पुढे एकेक पौंडाच्या चार निरनिराळ्या डब्यांवर घातला असता तर मला माझी पावडर दोन वर्षे आधी सापडली असती.

येथे जाणकार मंडळी एक आक्षेप घेतील आणि तो योग्य आहे. एकाच पावडरीच्या दोन लॉटमध्ये थोडा फरक असतो; म्हणून स्पर्धेत उतरणारा नेमबाज एकाच लॉटचा मोठा डबा घेतो आणि संपूर्ण मोसम त्यावर काढतो. ज्याची पावडर निश्चित झाली आहे, ज्याचा खप तेवढा आहे, त्याने अवश्य आठ पौंड घ्यावेत. माझे म्हणणे अजून शोधात असलेल्यांसाठी आहे, आणि आपल्यात ते बहुसंख्य आहेत. त्यांनी एक पौंडाने सुरुवात करावी, आणि नवा डबा वेगळ्या लॉटचा आला तर मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा हळूहळू वर यावे.

नावांच्या बाबतीतही थोडी खरेदी करणाऱ्याला बचत करता येते, पण अर्धवट माहिती घातक ठरते. हॉजडनची एचपी-३८ आणि विंचेस्टरची २३१ या नावाने वेगळ्या, पण प्रत्यक्षात एकच पावडर आहेत. हॉजडनची एच११० आणि विंचेस्टरची २९६ यांचेही तसेच. तेव्हा एक मिळाली नाही म्हणून दुसरीसाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. मात्र यावरून सारखा क्रमांक म्हणजे सारखी पावडर असा निष्कर्ष काढू नये. ४८९५ या क्रमांकाचा इतिहास मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे उरलेली ४८९५ पावडर ब्रूस हॉजडन यांनी विकत घेतली, कॅन्सस सिटीजवळ रेल्वेच्या एका जुन्या डब्यात साठवली आणि नेमबाजांना विकायला सुरुवात केली. आजच्या मोठ्या कंपनीचा उगम त्यात आहे. तरीही आज मिळणाऱ्या एच४८९५ (हॉजडनची) आणि आयएमआर ४८९५ (आयएमआर या नाममुद्रेची) या दोन वेगळ्या पावडरी आहेत आणि त्यांचे भरण्याचे आकडेही वेगळे आहेत. यादी करताना केवळ क्रमांक लिहिला आणि आणणाऱ्याने दुसरीच आणली, असे होऊ शकते. पूर्ण नाव लिहावे.

साठवणीविषयी फार लिहीत नाही. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षेच्या मानकात घरगुती साठ्यासाठी पावडरीची २० पौंडांची मर्यादा दिली आहे आणि तीही मूळ डब्यांत; २० ते ५० पौंडांसाठी किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीची अट आहे, आणि प्राइमरची मर्यादा १०,००० आहे. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, आणि भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्यांच्या करारात असे काहीही ठेवण्यास मनाई असू शकते. करार आधी वाचावा. गराज आणि माळा उन्हाळ्यात फार तापतात, म्हणून तेथे पावडर ठेवू नये. डबा उघडल्यावर उग्र आंबट वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती पावडर बिघडली आहे असे समजावे आणि वापरू नये.

भारतात जाताना एक काळजी घ्यावी. रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला नेऊ नये. पावडर आणि प्राइमर विमानात, हातातल्या सामानात नाहीत आणि चेक-इन केलेल्या सामानातही नाहीत. दोन्हीकडे बंदी आहे. पिशवीच्या तळाशी राहिलेले एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येतही सुटे भाग समाविष्ट आहेत. भाच्याला दाखवायला म्हणून पुंगळ्या नेण्याचा मोह मला स्वतःला झाला होता. मी फोटो नेला.

अखेरीस दोन विनंत्या आहेत. ज्या ज्येष्ठ मंडळींकडे टंचाईच्या काळात घेतलेला, न उघडलेला साठा पडून आहे, त्यांनी तो पात्र नवशिक्यांना घेतलेल्या किमतीला, सीलबंद द्यावा. आणि ज्यांच्या घरी आज बरण्या आहेत त्यांनी त्यातली पावडर ओळखता येईल अशा आशेवर राहू नये. ती नष्ट कशी करावी हे पावडर बनवणाऱ्या कंपनीला किंवा स्थानिक अग्निशमन कार्यालयाला विचारावे. विचारल्याबद्दल कोणी रागावत नाही.

आमची पुढची यादी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होईल. कोलंबस परिसरात राहणाऱ्या, कायद्याने पात्र असलेल्या कोणालाही तीत सामील व्हायचे असेल तर रेंजवर येऊन सांगावे. किमान मागणी एक डबा किंवा प्राइमरचे एक तबक. त्याहून जास्त घेतलेच पाहिजे असा आग्रह नाही.

आपला नम्र,
खडकीचा एक रिलोडर
कोलंबस, ओहायो